तोफ वाजण्याआधी

आज बियाणं नाही, बचतगटाचा हिशेब नाही. आज आपण सीडीतून निघणाऱ्या धडकी भरवणाऱ्या आवाजांची गोष्ट ऐकणार आहोत. रेडिओवर बोलणाऱ्या बायांनी आवाजाबद्दलही कधीतरी बोलायला हवं की नाही?

विषय सुचला तो आमच्याच एका फजितीतून. पाझर तलावावरची श्रुतिका बसवत होतो. त्यात वीज कडाडायला हवी होती. एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी केंद्राला जुन्या सीड्यांचं खोकं दिलं होतं, त्यात नाटकांसाठीच्या आवाजांची एक सीडी निघाली. पाऊस, दाराची कडी, रेल्वे, घोड्यांच्या टापा. आमच्यातली सगळ्यात धाकटी हेडफोन लावून बसली. सुरुवातीला नुसते रातकिडे, तेही इतके बारीक की तिला वाटलं मशीनच बिघडलंय. तिने बटण फिरवलं. आणखी फिरवलं. आणि मग वीज पडली. हेडफोन एकीकडे, पोरगी दुसरीकडे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिच्या कानात शिट्टी वाजत होती. डॉक्टरांनी पडदा तपासला, शाबूत होता, म्हणून आज हसत सांगतोय. त्या दिवशी कुणी हसलं नव्हतं.

ही चूक कुणाची, यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. मग आम्ही थोडं वाचलं, जाणकारांना विचारलं. तेव्हा कळलं की ही गंमत, किंवा हा घात म्हणा, फार जुना आहे. लोकांना हळू आवाजात गुंतवायचं आणि मग दणका द्यायचा. १७९२ साली लंडनमध्ये हायडन नावाच्या संगीतकाराची एक रचना पहिल्यांदा वाजली. तिच्या संथ भागात सगळं मांजराच्या पावलांनी चाललेलं असतं, आणि मध्येच अख्खा वाद्यवृंद एकदम आदळतो. मैफलीत डुलक्या घेणाऱ्या बायकांना जागं करायला त्याने हे केलं, अशी कथा पसरली. हायडनने स्वतः ती नाकारली होती. लोकांना काहीतरी नवं ऐकवून चकित करायचं होतं, एवढंच, असं तो म्हणाला. डुलक्या घेणाऱ्या बायकाच का, हे मात्र कथा पसरवणाऱ्यांना कुणी विचारलेलं दिसत नाही.

पण आपली खरी गोष्ट तोफेची आहे. १८१२ साली नेपोलियन फ्रान्सची फौज घेऊन रशियावर चालून गेला आणि हात हलवत परतला. त्या विजयावर चायकोव्हस्की या रशियन संगीतकाराने १८८० साली एक रचना लिहिली. साधारण पंधरा मिनिटांची. सुरुवात होते प्रार्थनेच्या सुरांनी, अगदी मोजक्या तंतुवाद्यांवर. शेवटाकडे युद्ध येतं, चर्चच्या घंटा येतात आणि तोफा येतात. तोफा म्हणजे खरोखरच्या. वाजवण्याच्या वहीत, जिथे सनई-बासरीसारख्या वाद्यांचे सूर लिहितात, तिथेच तोफेचे बार लिहिले आहेत. आधी ५, मग ११, एकूण १६.

आता नाट्यगृहात तोफ डागायची कशी? बहुतेक ठिकाणी मोठा ढोल बडवून भागवत. पण ध्वनिमुद्रण आलं आणि वाट मोकळी झाली, कारण तोफ आणि वादक एका जागी असण्याची गरजच उरली नाही. १९५४ साली अमेरिकेत मर्क्युरी कंपनीने मिनियापोलिसच्या वाद्यवृंदाकडून ही रचना वाजवून घेतली. वाद्यवृंदाचे प्रमुख होते अंताल दोराती. तोफ मिळाली वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतली, फ्रान्समध्ये ओतलेली. घंटा घेतल्या येल विद्यापीठाच्या मनोऱ्यातल्या. तीन ठिकाणचे आवाज, एक तबकडी. हे सगळं कसं जमवलं, तेही त्याच तबकडीवर बोलून सांगितलं होतं, आणि आम्हाला वाटतं लोकांनी ती संगीताइतकीच त्या हकिगतीसाठी घेतली असेल. दहा लाखांहून जास्त प्रती खपल्या.

मग १९७८ साली टेलार्क या छोट्या अमेरिकी कंपनीने हीच रचना एरिक कुंझेल आणि सिनसिनाटीच्या वाद्यवृंदाकडून पुन्हा मुद्रित केली. या वेळी आवाज फितीवर आकड्यांच्या रूपात साठवला होता. ते तंत्र तेव्हा अगदी नवं. ग्रामोफोनच्या तबकडीत आवाज जितका मोठा तितकी खाच जास्त नागमोडी. तोफेच्या जागी त्या खाचा एवढ्या वळल्या होत्या की नुसत्या डोळ्यांना दिसत. कितीतरी घरांत सुई तिथे आली की टुणकन उडी मारायची. कंपनीने वेष्टणावर इशाराच छापला होता, की या तोफांचा आवाज फार मोठा आहे, आधी कमी आवाजात लावून पाहा.

तोवर सीडी यायची होती. हॉलंडची फिलिप्स आणि जपानची सोनी यांनी मिळून ती घडवली, आणि १ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानच्या बाजारात पहिलं सीडी प्लेअर आलं. बारा सेंटिमीटरची चकती, आपल्या चहाच्या बशीएवढी. तिच्यात सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचं माप घेतलेलं असतं, आणि प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकी कुठल्या तरी एका पायरीवर बसवलेलं असतं. सुई नाही, खाच नाही, खरखर नाही. सर्वांत बारीक आणि सर्वांत मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचं अंतर ठेवता येतं. ग्रामोफोन आणि कॅसेट यांच्या मानाने हे फारच मोठं.

इथे नीट लक्ष द्या, कारण आमच्या पोरीचा घात इथेच झाला. कॅसेटमध्ये एक कायमची सरसर असते. तिच्याखाली बारीक आवाज बुडून जातात, म्हणून मुद्रण करणारे ते आधीच थोडे वर उचलून ठेवत. सीडीत सरसर नाही, त्यामुळे बारीक आवाज खरोखर बारीक ठेवता आला. ऐकणारा मात्र बटण लावतो ते सुरुवातीच्या आवाजावरून. प्रार्थना ऐकू येत नाही म्हणून वाढवतो, आणि दहा-बारा मिनिटांनी त्याच बटणावर तोफ येते. सुई असती तर उडाली असती. सीडीवर उडायला काहीच नाही. सगळा दणका थेट स्पीकरच्या पडद्यावर. टेलार्कची ती तोफ सीडीवरही आली, आपल्या स्पीकरची ताकद पाहुण्यांना दाखवायला हौशी लोक ती मुद्दाम लावत, आणि काहींचे स्पीकर फाटलेही. पुढे त्याच कंपनीने अंतराळातली यानं, गोळीबार, गुरांची पळापळ असल्या आवाजांच्या सीड्याही काढल्या. पुरुषांचे खेळ, असं आम्ही म्हणणार होतो, पण आमच्या केंद्रातल्या दोघींना ती तोफ ऐकायचीच आहे.

स्पीकर बदलता येतो. कानाचं तसं नाही. मोठा आवाज आला की कानाच्या आतला एक चिमुकला स्नायू आखडतो आणि आवाज थोडा अडवतो. पण त्याला आखडायला क्षणाचा काही भाग लागतो. आवाज हळूहळू वाढला तर तो सावध होतो. फटाका किंवा सीडीतली तोफ त्याच्या आधीच आत पोचलेली असते. आतल्या केसांसारख्या बारीक पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. ८५ डेसिबलचा आवाज रोज आठ तासांहून जास्त कानावर पडू नये, आणि पुढे दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी धरावी, असं कामगारांच्या आरोग्याचे जाणकार सांगतात. डीजेच्या भिंतींबद्दल बोलायला एक वेगळाच कार्यक्रम करावा लागेल.

यानंतर जे झालं ते आम्हाला तोफेपेक्षा वाईट वाटतं. सीडीच्या मापट्याला एक काठ आहे. ६५,५३६ पायऱ्या संपल्या की वर काही नाही. सुरुवातीच्या काळात मुद्रण करणारे त्यात पुष्कळ जागा रिकामी सोडत. मग प्रत्येकाला वाटू लागलं, दुकानात किंवा गाडीत आपलंच गाणं दुसऱ्याच्या गाण्याहून जोरात वाजावं. काठ तर वर सरकत नाही. मग काय करायचं? मोठे आवाज दाबायचे, बारीक आवाज उचलायचे आणि सगळंच काठाला नेऊन भिडवायचं. मापट्यात धान्य ठासून भरावं तसं. इंग्लंडच्या ओएसिस या बँडचा १९९५ चा अल्बम यासाठी गाजला. २००८ साली मेटॅलिकाचा 'डेथ मॅग्नेटिक' आला, तेव्हा चाहत्यांनीच ओरड केली. तीच गाणी एका व्हिडिओ गेममध्ये मोकळी, स्वच्छ वाजत होती आणि सीडीवर फाटत होती. हजारो लोकांनी सह्या करून ती पुन्हा नीट करून मागितली.

अमेरिकेत टीव्हीच्या जाहिराती कार्यक्रमाहून मोठ्याने ओरडू नयेत असा कायदा २०१० मध्ये झाला, तो एका बाईने, खासदार ॲना एशू यांनी, मांडला होता. सीडीसाठी तसा कायदा कुणी केला नाही.

आम्हीही हेच पाप केलं आहे, म्हणून इतकं बोलतोय. पलीकडच्या वाडीतल्या एका आजींच्या जात्यावरच्या ओव्या आम्ही त्यांच्या पडवीत बसून मुद्रित केल्या. वय ऐंशीच्या पुढे, आवाज सुतासारखा. केंद्रात आणल्यावर वाटलं, फारच हळू आहे, जाहिरातीनंतर ऐकूच येणार नाही. संगणकावर एक बटण असतं, सगळं काठाला भिडवणारं. ते दाबलं, सीडी केली, आणि आजींना ऐकवायला गेलो.

आजींनी पूर्ण ऐकलं. मग म्हणाल्या, "बायांनो, हे जातं माझ्यापेक्षा जोरात दळतंय. मी दम घेते तेव्हा तर नुसतं जातंच."

खरं होतं. त्या जिथे थांबत, तिथे घरघर वर उसळत होती, कोंबडीसुद्धा ओरडत होती. ओवीतला थांबा भरून गेला होता. एकदा असं सपाट केलेलं पुन्हा मूळ रूपात आणता येत नाही, आणि संगणकावर आम्ही मूळ फाइलच्या जागीच नवी साठवून बसलो होतो. तीन दिवस कुणाच्या घशाखाली घास उतरला नाही. शेवटी रेकॉर्डरचं जुनं कार्ड शिवणाच्या डब्यात बटणांमध्ये सापडलं. त्यावर सगळं तसंच होतं.

त्यावरून नवी सीडी केली. आवाज जसा होता तसा. कव्हरवर पेनने लिहिलं: 'आवाज लहान आहे. बटण हळू फिरवा.' दहा प्रती काढल्या, त्यातली एक आजींच्या लेकीकडे सुरतेला गेली. येत्या बुधवारी दुपारी तीन वाजता त्या ओव्या आपण लावणार आहोत. त्या वेळी गावात पिठाची गिरणी चालू असते, तेव्हा रेडिओ आतल्या खोलीत नेऊन बसा.