टिपेश्वरचा वाघ सगळ्यांना माहितीये, पण पैनगंगेच्या जंगलात कोण जातं?

यवतमाळचं नाव बातम्यांमध्ये येतं ते कापसामुळे, शेतकरी आत्महत्यांमुळे, नाहीतर उन्हाळ्यात ४५ अंशांकडे सरकणाऱ्या पाऱ्यामुळे. फिरायला म्हणून या जिल्ह्यात जाणारे लोक कमीच. गेल्या काही वर्षांत मात्र टिपेश्वरच्या वाघांचे व्हिडीओ व्हायरल झाले आणि नागपूर, हैदराबादच्या गाड्या पांढरकवड्याला वळायला लागल्या. पण या जिल्ह्यात जंगलं दोन आहेत. एक लोकांना ठाऊक झालंय, दुसरं अजून वाटेबाहेरच आहे. आणि एक समजून घेतल्याशिवाय दुसरं कळत नाही.

आधी सोपं जंगल बघू. टिपेश्वर अभयारण्य पांढरकवड्याजवळ, नागपूर-हैदराबाद महामार्गाला लागून आहे. क्षेत्रफळ साधारण १४८ चौरस किलोमीटर. १९९७ मध्ये ते अभयारण्य म्हणून घोषित झालं. टिपाई देवीच्या नावावरून जंगलाला हे नाव मिळाल्याचं सांगतात. आत सागवान, ऐन, धावडा, तेंदू, मोह, बांबू. चितळ, सांबर, नीलगाय, अस्वल, बिबट्या हे सगळं आहे, पण लोक येतात ते वाघासाठी. जंगल छोटं, वाघ भरपूर, त्यामुळे दिसण्याची शक्यता चांगली. महामार्गावरून उतरलं की सुन्ना गेट फार लांब नाही, पाटणबोरीकडून मथानी गेट आहे. ऑनलाइन बुकिंग, जिप्सी, गाइड, सकाळ-संध्याकाळच्या फेऱ्या. इथपर्यंत सगळं ताडोबासारखंच, फक्त गर्दी कमी.

घोळ इथूनच सुरू होतो. जंगल छोटं आणि वाघ भरपूर म्हणजे काय, तर वयात आलेल्या वाघाला आत जागा उरत नाही. वाघिणीची पिल्लं दोन-अडीच वर्षांची झाली की त्यांना स्वतःचा इलाखा लागतो. टिपेश्वरमध्ये तो आधीच कुणाच्या तरी ताब्यात असतो. मग तरुण नर बाहेर पडतो, आणि बाहेर काय? कापूस, तूर, कोलामांचे पोड, महामार्ग.

असाच एक वाघ होता, टीडब्ल्यूएलएस-टी१-सी१. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याला रेडिओ कॉलर लावली गेली, म्हणून त्याची गोष्ट कळली तरी. २०१९ च्या पावसाळ्याच्या सुरुवातीला तो टिपेश्वर सोडून निघाला. तेलंगणातल्या आदिलाबादमध्ये गेला, परत आला, पैनगंगा अभयारण्यातून पुढे सरकला आणि नांदेड, हिंगोली, वाशीम, अकोला करत डिसेंबरमध्ये बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तोवर तब्बल १३०० किलोमीटर. २०२० मध्ये कॉलर काढली तेव्हा एकूण चाल ३००० किलोमीटरच्या वर गेली होती. लोकांनी त्याचं नाव ठेवलं 'वॉकर'. एवढ्या शेतांमधून, वस्त्यांजवळून तो गेला, आणि नोंद आहे ती एक माणूस जखमी झाल्याची. तोही वाघ झोपला होता त्या झुडपात शिरलेल्या घोळक्यातला.

प्रत्येक वेळी असं होत नाही. टी१ म्हणजे अवनी वाघीण आठवत असेल. ती टिपेश्वरच्या हद्दीत नव्हती, पांढरकवडा-राळेगाव पट्ट्यातल्या शेतं आणि झुडपी जंगलाच्या तुकड्यांमध्ये राहायची. १३ जणांचा बळी घेतल्याचा ठपका तिच्यावर आला आणि २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीजवळ तिला गोळी घालण्यात आली. देशभर हळहळ झाली, वाद झाले. त्याच गावांमध्ये लोकांनी सुटकेचा श्वासही सोडला, हेही तितकंच खरं. रात्री जागलीला जाणाऱ्या शेतकऱ्याचा वाघ आणि जिप्सीतून दिसणारा वाघ वेगळा असतो. रानडुकरांसाठी लावलेल्या तारांच्या फासात वाघही अडकतात. टिपेश्वरमध्ये गळ्यात तार रुतलेले वाघ दिसलेत.

म्हणूनच दुसरं जंगल महत्त्वाचं आहे. वॉकर ज्यातून गेला ते पैनगंगा अभयारण्य जिल्ह्याच्या नैऋत्य टोकाला, उमरखेड तालुक्यात आहे, काही भाग नांदेडमध्ये येतो. यवतमाळ शहरापासून उमरखेडच शंभर किलोमीटरहून लांब पडतं, जंगल त्याच्याही पुढे. आकाराने ते टिपेश्वरच्या दुपटीहून मोठं. तिन्ही बाजूंनी पैनगंगेने वेढलेलं. स्थानिक लोक या पट्ट्याला 'बंदी भाग' म्हणतात. खरबी, दराटी, बिटरगाव, मोरचंडी ही तिकडची नावं. बंजाऱ्यांचे तांडे, आंध आदिवासींची गावं जंगलातच आहेत. पावसाळ्यात नाले भरले की काही गावांचा रस्ता तुटतो आणि मग दवाखान्यात जायचं कसं, हा प्रश्न तिथे दरवर्षीचा. पर्यटकाला जो रस्ता 'ऑफबीट' वाटतो, तो तिथल्या माणसाच्या रोजच्या गरजेचा आहे.

इथे जिप्सींची रांग नसते. वाघ दिसेल या आशेवर तर जाऊच नका. इथे आहे ते सागाचं उतरंडीचं रान, मुरुमाचे रस्ते, आणि नदीचा काळा खडक.

या खडकाचं सगळ्यात भारी रूप म्हणजे सहस्रकुंड. अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावणारी पैनगंगा इथे बेसॉल्टच्या थरावरून खाली झेपावते आणि खडकात कोरलेल्या घळीतून पुढे जाते. लाव्हाचे थर एकावर एक बसलेले, त्यात कुठे कठीण तर कुठे मऊ दगड. मऊ तो झिजला, कठीण तो उभा राहिला, म्हणून पाणी एका धारेत न पडता फुटून अनेक धारांत पडतं. अलीकडचा काठ यवतमाळचा, मुरली गावाकडचा. पलीकडचा नांदेडचा, इस्लापूरचा. धबधबा एक, जिल्हे दोन, आणि कुठल्या बाजूने जास्त छान दिसतो यावर वाद कायमचा. नांदेडकडून रेल्वेनेही जाता येतं, मुदखेड-आदिलाबाद मार्गावर सहस्रकुंड नावाचं स्टेशनच आहे.

एक गोष्ट मात्र डोक्यात ठेवा. वरच्या बाजूला इसापूर धरण आहे. तिथून पाणी सोडलं की नदीची पातळी चढते, इकडे पाऊस नसला तरी. कोरडा दिसणारा खडक शेवाळाने गुळगुळीत असतो. कठड्याच्या पुढे जाऊन सेल्फी काढणं इथे जिवावर बेतू शकतं.

बंदी भागातून जायचं तर गाडी उंच असलेली बरी. पेट्रोल उमरखेड किंवा ढाणकीलाच भरून घ्या, जंगलात मोबाइलची रेंज कधी जाईल सांगता येत नाही. आत शिरण्याआधी वन विभागाच्या स्थानिक कार्यालयात रस्त्याची विचारपूस करा आणि उजेडातच बाहेर पडा.

राहिला प्रश्न कधी जायचं याचा. धबधबा बघायचा तर जुलै ते सप्टेंबर, पण तेव्हा पावसामुळे टिपेश्वरची सफारी बंद असते. वाघ दिसायला सोपा एप्रिल-मेमध्ये, जेव्हा पाणवठे आटलेले असतात. तेव्हा सहस्रकुंडला नुसता तापलेला दगड. दोन्ही एकाच फेरीत हवं असेल तर ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा बघा. गेट उघडलेले असतात, नदीत पाणी असतं, गवत मात्र इतकं वाढलेलं असतं की वाघ दहा फुटांवर बसला तरी दिसेलच असं नाही.