भिलाईची गुरुपरंपरा

गुरू आणि शिष्य यांची भाषा एक असावी, हे आपण गृहीतच धरीत आलो आहोत. परंतु देशाच्या औद्योगिक इतिहासात असे एक विद्यादान घडले, की ज्यात बहुतेक गुरूंना शिष्यांची भाषा येत नव्हती आणि शिष्यांना गुरूंची. हे घडले दुर्ग शहराशेजारी, भिलाई येथे. हा मुलूख एके काळी नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता आणि १९५६ पर्यंत त्याचा कारभार नागपुराहूनच चाले. तेव्हा मराठी माणसाला तो अगदीच परका नव्हे.

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात वर्षाला दहा लाख टन पोलादाचा कारखाना उभारण्याचा करार झाला. यंत्रसामग्री आणि कर्ज यांच्याबरोबर त्यात भारतीयांच्या प्रशिक्षणाचीही योजना होती. तिचे कारण झोतभट्टीच्या स्वभावातच आहे. ही भट्टी एकदा पेटली, की वर्षानुवर्षे रात्रंदिवस धगधगत राहते. शिकाऊ माणसाच्या सोयीसाठी ती विझविता येत नाही. लोखंडाचा रस वाहून नेणाऱ्या पन्हळीत ओल राहिली, तर स्फोट होऊन माणसे भाजतात. म्हणून शेकडो भारतीय अभियंते आणि कारागीर शिकण्यासाठी सोव्हिएत कारखान्यांत गेले, आणि भिलाईत रशियन तज्ज्ञ त्यांच्या शेजारी उभे राहिले. दुभाषी होते, परंतु रसाचा रंग कोणता झाला म्हणजे भट्टी बिघडू लागली, हे दुभाष्याने सांगून कळण्यासारखे नव्हते. ते डोळ्यांनी पाहून आणि हातांनी करूनच अंगवळणी पडले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. हे गुरूही एके काळी शिष्यच होते. १९३० च्या सुमारास उरलच्या पायथ्याशी मॅग्निटोगोर्स्कचा प्रचंड कारखाना उभा राहू लागला, तेव्हा त्याच्या आराखड्यासाठी रशियाने अमेरिकेतील मॅकी कंपनीच्या अभियंत्यांचे साहाय्य घेतले होते. पुढे त्याच मॅग्निटोगोर्स्कच्या बांधकामाची धुरा वाहिलेले व्हेनियामिन दिमशिट्स १९५७ मध्ये भिलाईला सोव्हिएत पथकाचे मुख्य अभियंता म्हणून आले. राज्यपद्धतीचे वैर असतानाही विद्या एका हातातून दुसऱ्या हातात गेली, ती अशी.

मात्र भिलाईची खरी कसोटी तिसऱ्या पायरीवर होती. बंगाल, पंजाब, आंध्र, केरळ, महाराष्ट्र अशा प्रांतांतून आलेले भारतीय आता गुरू झाले होते. आणि ज्याच्या भूमीवर कारखाना उभा राहिला, तो छत्तीसगढी शेतकरी शिष्य होता. त्याला पावसाचे नक्षत्र कळत होते, कारखान्याची पाळी कळत नव्हती. जमीन गेल्याचे दुःख त्याच्या मनात ताजे होते. एवढ्या मोठ्या बांधकामाला नरबळी द्यावा लागतो, अशा आवया गावोगाव उठत होत्या, आणि प्रारंभी कित्येक गावकरी कामापासून दूरच राहिले. बाहेरून आलेल्यांनी या संकोचाला आळस म्हटले. रशियनाच्या तुटक्या इंग्रजीला हसून समजून घेणाऱ्यांना छत्तीसगढी बोली मात्र अडाणी वाटली! परदेशी गुरूपुढे नम्र होणे सोपे असते. स्वदेशी शिष्यापुढे नम्र होणे अवघड.

तरीही विद्या झिरपत गेली. हळूहळू शेतकऱ्यांची मुले भट्टीपाशी उभी राहिली. कारखान्याची क्षमता १९६७ मध्ये पंचवीस लाख टनांवर आणि १९८८ मध्ये चाळीस लाख टनांवर गेली. १९९१ मध्ये सोव्हिएत संघच लयाला गेला, पण भिलाईतील भट्ट्या विझल्या नाहीत. गुरू नसतानाही काम अडले नाही, हीच त्या गुरूंच्या शिकवणुकीची पावती. परंतु घेतलेल्या विद्येचे ऋण गुरूला परत करून फिटत नाही. ते पुढच्या शिष्याला देऊनच फिटते. भिलाईच्या हिशेबात दुर्गच्या शेतकऱ्याच्या नावावर त्या ऋणाची काही बाकी अजून उरली आहे.