नव्या पाण्यातले प्रवाळ

नोव्हेंबर २०२४ मध्ये ताडोबाची झीनत ही वाघीण ओडिशातील सिमिलिपालच्या अरण्यात नेण्यात आली. प्रथम कुंपणाच्या आवारात, मग मोकळ्या रानात. डिसेंबरमध्ये ती तेथून निघाली, झारखंडमार्गे पश्चिम बंगालमध्ये शिरली आणि २९ डिसेंबरला बांकुरा जिल्ह्यात तिला बेशुद्ध करून पकडावे लागले. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या वाचकांना ही हकीकत नवी नाही. नव्या जागी सोडलेला वाघ रुळला नाही, तर तो चालू लागतो.

प्रवाळाला ती सोय नाही. प्रवाळ हा प्राणीच. अंगठीतले पोवळे हा त्याच्याच एका जातीचा सांगाडा. एकदा खडकाला चिकटला की जे पाणी भोवती असेल त्यातच त्याने जगायचे किंवा मरायचे. म्हणूनच त्याला परक्या पाण्यात जगवण्याचा इतिहास मोठा चिकाटीचा आहे.

त्याची सुरुवात एका इंग्रज गृहिणीपासून करावी लागते. १८४६ मध्ये अ‍ॅना थिन यांनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही जिवंत प्रवाळ दगडी बरणीतून लंडनला आणले. प्रवासात ते गडगडू नयेत म्हणून सुईदोऱ्याने चक्क स्पंजाला शिवून टाकले होते! लंडनला समुद्र नाही. आणलेले खारे पाणी मोजकेच. ते लवकर बिघडे. मग थिनबाईंनी उपाय काढला: उघड्या खिडकीसमोर ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात पुनःपुन्हा ओतायचे, रोज अर्धा-पाऊण तास. हे कष्टाचे काम बहुतांशी घरातल्या लहान मोलकरणीने केले. तिचे नाव इतिहासाने नोंदवले नाही, हे मला खटकते. कारण ते प्रवाळ तिच्याच हातांनी श्वास घेत होते.

ओतताना पाण्यात हवा मिसळे, प्राणवायू भरून निघे. पुढच्या वर्षी बाईंनी भांड्यात सागरी शैवाल सोडून ते खिडकीच्या उजेडात ठेवले. शैवाल उजेडात प्राणवायू सोडते आणि प्राण्यांची उत्सर्जिते काही अंशी शोषून घेते. प्रवाळ सुमारे तीन वर्षे जगले, वाढले, त्यांना पिल्लेही झाली. थिनबाईंची टिपणे प्रसिद्ध झाली ती १८५९ मध्ये. तोवर लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडले होते आणि फिलिप गॉस या निसर्गअभ्यासकाच्या पुस्तकाने ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द घरोघरी नेला होता. श्रेय बहुधा त्यालाच मिळते.

प्रवाळभित्ती बांधणाऱ्या जाती याहून नाजूक. त्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते आणि बरेचसे अन्न तेच पुरवते. उष्णता वा उजेड एकाएकी वाढला की प्रवाळ ते शैवाल गमावतो, पांढरा पडतो आणि हळूहळू उपाशी मरतो. म्हणून नव्याने आणलेला प्रवाळ थेट प्रखर दिव्याखाली ठेवत नाहीत. आधी तापमान आणि क्षारता सावकाश जुळवायची, मग त्याला टाकीच्या तळाशी मंद उजेडात ठेवायचे आणि काही आठवड्यांत हळूहळू वर न्यायचे. शेजाऱ्यापासून अंतरही हवे; प्रवाळ एकमेकांना डंख मारतात. त्याची तक्रार ओळखण्याची एक खूण: स्पर्शक आत ओढून तो मिटून बसतो. १९६१ मध्ये इंडोनेशियातील ली चिन एंग यांनी एक सोपी रीत जगापुढे मांडली. समुद्रातला जिवंत खडक टाकीत ठेवायचा आणि हवेचे बुडबुडे सोडायचे. खडकावरचे जीवाणू पाणी शुद्ध करतात. मोलकरणीचे काम आता बुडबुड्यांकडे गेले.

महाराष्ट्रात हा प्रश्न काचेच्या टाकीपेक्षा मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. मुंबईच्या सागरी किनारा रस्त्याच्या आड वरळी व हाजी अलीच्या खडकांवरच्या प्रवाळ वसाहती आल्या. नोव्हेंबर २०२० मध्ये अशा १८ वसाहती दक्षिण मुंबईतल्याच किनाऱ्यावर सुरक्षित जागी हलवण्यात आल्या. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे तज्ज्ञ सोबत होते. अवघ्या १८! पण २००१ पासून प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्याच पंक्तीला. वरळीच्या ओहोटीत उघडा पडणारा, तळहातावर मावेल एवढा तो जीव हलवण्यासाठी वाघासारखीच परवानगी लागते. आणि मालवणच्या सहलीत आवडला म्हणून घरच्या टाकीसाठी तो तोडून आणणे, हा वाघाच्या शिकारीइतकाच गुन्हा ठरतो.