संरक्षित अंकीय चित्रवितरण
संरक्षित अंकीय चित्रवितरण : चित्रपट एकाच वेळी अनेक पडद्यांवर पोचविताना त्याची अनधिकृत नक्कल होऊ नये, यासाठी गुप्तलेखनाचा आश्रय घेणारी वितरणपद्धती.

दादासाहेब फाळके यांचा राजा हरिश्चंद्र ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला. तेव्हापासून सु. नव्वद वर्षे फीत हेच वितरणाचे मुख्य साधन होते. प्रत्येक पडद्यासाठी स्वतंत्र प्रत काढणे खर्चाचे असल्यामुळे प्रती मोजक्याच निघत. शहरांत वापरून झिजलेल्या प्रती तालुक्याच्या गावी व जत्रांतील तंबूंत उशिरा पोचत. या विलंबाचा लाभ १९८० नंतर चोरट्या व्हिडिओफितींनी घेतला.

अमेरिकेतील प्रमुख चित्रपटनिर्मिती कंपन्यांनी २००२ मध्ये स्थापिलेल्या ‘डिजिटल सिनेमा इनिशिएटिव्ह्ज’ या संस्थेने २००५ मध्ये तांत्रिक प्रमाणके प्रसिद्ध केली. त्यांनुसार चित्रपट १२८ बिटी किल्लीने बंदिस्त केला जातो. ही किल्ली विशिष्ट चित्रगृहातील यंत्रणेलाच उघडता येईल, अशा रीतीने स्वतंत्रपणे पाठवितात. तिला प्रदर्शनाच्या मुदतीचेही बंधन असते. याच सुमारास मुंबईच्या यूएफओ मूव्हीज या कंपनीने उपग्रहाद्वारे संकेतबद्ध चित्रपट पाठविण्यास प्रारंभ केला. या पद्धतीमुळे लहान गावांतील एकपडदा चित्रगृहांतही नवा चित्रपट पहिल्याच दिवशी दाखविणे शक्य झाले.

उपकरणापासून पडद्यापर्यंत जाणाऱ्या तारेचे रक्षण हा यातील दुसरा प्रश्न होय. त्यासाठी इंटेल कंपनीने ‘एचडीसीपी’ ही पद्धती विकसित केली (२०००). तीत चित्र पाठविणारे उपकरण ते घेणाऱ्या पडद्याची ओळख पटवून घेते. मध्ये पुनःप्रक्षेपक जोडल्यास त्यापुढील उपकरणांचीही यादी तपासते. पहिल्या आवृत्तीत अशी १२७, तर दुसरीत ३२ उपकरणे जोडता येतात. २०१० मध्ये पहिल्या आवृत्तीची मूळ किल्लीच उघड झाली व तिचे कवच भेदले गेले.

पडद्यावरील चित्र कॅमेऱ्याने टिपण्यास मात्र कोणतीही किल्ली प्रतिबंध करू शकत नाही. तेथे कायद्याचीच मदत घ्यावी लागते. प्रताधिकार कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने हक्कभंगाच्या हेतूने संरक्षक योजना भेदणे हा गुन्हा ठरला. २०२३ च्या चलच्चित्र (सुधारणा) अधिनियमाने चित्रगृहातील अनधिकृत मुद्रणासाठी तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद केली.

या संरक्षणाची दुसरी बाजूही विचारात घेणे आवश्यक आहे. झिजलेल्या फितीवरील चित्र प्रकाशासमोर धरून पाहता येते. किल्ली हरवलेली संकेतबद्ध प्रत मात्र निरुपयोगी ठरते. म्हणूनच पुणे येथे १९६४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारख्या संग्रहांत कुलूपविरहित मूळ प्रत जतन होणे महत्त्वाचे आहे.