हौशी ट्रान्समीटरचा लगाम

आपल्या सोलापुरात गिरण्यांचे भोंगे वाजत असत, त्या काळी वाफेच्या एंजिनावर दोन गोळ्यांची एक जोडी गरगर फिरत असे. एंजिनाचा वेग वाढला की गोळे बाहेरच्या बाजूस उचलले जात, त्यांना जोडलेली दांडी वाफेची झडप थोडी मिटवी, आणि एंजिन आपोआप ताळ्यावर येई. या जोडीचे नाव ‘गव्हर्नर’. हौशी रेडिओवाल्यांच्या, म्हणजे ज्यांना आपण ‘हॅम’ म्हणतो त्यांच्या ट्रान्समीटरमध्येही असाच एक गव्हर्नर असतो. फक्त तो गोळ्यांचा नसून काही थोड्या व्होल्टचा ऋण विद्युद्दाब असतो. हा लगाम यंत्रात कसा शिरला ते आज पाहू.

पहिला लगाम अर्थातच सरकारच्या हातचा. १९२१ च्या ऑगस्टात मुंबईहून टाइम्स ऑफ इंडिया आणि टपाल-तार खाते यांनी मिळून संगीताचा एक कार्यक्रम प्रक्षेपित केला. तो पुण्यात बसून ऐकला सर जॉर्ज लॉइड यांनी. हे मुंबई इलाख्याचे गव्हर्नर. हा दुसरा गव्हर्नर, बरं का! पण सरकारला संगीत आवडले म्हणून बिनतारी यंत्र कुणीही बाळगावे असे थोडेच होते? १८८५ चा तार-कायदा होताच. १९३३ च्या कायद्याने तर परवान्याशिवाय बिनतारी यंत्र जवळ ठेवणे हाच गुन्हा ठरला. हौशी माणसाला परवाना मिळे, त्याबरोबर शक्तीची मर्यादाही येई. ती मोजणे सोपे होते. शेवटच्या व्हॉल्व्हला ६०० व्होल्ट दाब दिला आणि पाव अँपिअर प्रवाह वाहिला, तर गुणाकार १५० वॅट. तपासनिसाने दोन काटे पाहावेत, की झाले काम.

१९३९ मध्ये महायुद्ध सुरू झाले आणि ही मर्यादा शून्यावर आली. हौशी परवाने बंद झाले. तरीही १९४२ च्या ऑगस्ट अखेरीस मुंबईतून एक आवाज उठला, तो काँग्रेस रेडिओचा. उषा मेहता, विठ्ठलभाई झवेरी, चंद्रकांत झवेरी, बाबूभाई खाकर ही मंडळी त्यामागे होती. यंत्र जुळवून दिले नरिमन प्रिंटर या तंत्रज्ञाने. लहरींची लांबी सांगितली जाई ४२.३४ मीटर. आता हिशेब करून पाहा. ३०० ला ४२.३४ ने भागले की सुमारे ७.०८५ मेगासायकल येतात, म्हणजे जगभरच्या हौशी मंडळींचा ‘चाळीस मीटर’ पट्टा! इतिहासाच्या पुस्तकांत हा आकडा नुसता छापलेला असतो. तो हॅमच्या घरचा आकडा आहे, हे क्वचितच कुणी सांगते. जागा बदलत बदलत ते केंद्र चालले. १२ नोव्हेंबर १९४२ ला पोलिसांनी छापा घातला. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. त्या यंत्रावर सरकारचा लगाम नव्हता, पण धोका मात्र होता. आवाज जितका लांब ऐकू जाई, तितका तो माग काढणाऱ्या पोलिसांनाही स्पष्ट सापडे.

युद्धानंतर परवाने पुन्हा सुरू झाले, आणि १९५० नंतरच्या दशकात ‘सिंगल साइडबँड’ ही पद्धत हौशी लोकांत पसरली. येथे जुना गुणाकार लंगडा पडला. या पद्धतीत माणूस गप्प असला की शक्ती जवळजवळ बाहेर पडतच नाही. ‘प’ किंवा ‘क’ जोरात उच्चारला की क्षणभर शिखर उसळते. काट्याला ते दिसतसुद्धा नाही. शिखर व्हॉल्व्हच्या कुवतीबाहेर गेले की ते कापले जाते, आणि कापलेला आवाज शेजारच्या लहरींवर खरखरत पसरतो. तेथे एखादा दुबळा आवाज मदत मागत असेल, तर तो बुडालाच.

यावर युक्ती निघाली ती अशी. शेवटच्या व्हॉल्व्हची ग्रिड ऋण दाबाखाली ठेवलेली असते. आत येणारा संदेश मर्यादा ओलांडू लागला की ग्रिडमधून प्रवाह वाहू लागतो. त्या प्रवाहापासूनच ऋण दाब तयार करून तो मागच्या पायरीला द्यायचा, म्हणजे तिचे वर्धन घटते. अमेरिकेतील कॉलिन्स कंपनीच्या दशकअखेरच्या संचांत ही सोय होती. ट्रान्समीटर एका पेटीत आणि मोठा वर्धक दुसऱ्या पेटीत असला, तर वर्धकाकडून ट्रान्समीटरकडे एक तार जाते. मग लोकांच्या ध्यानात आले, की वर्धक नसला तरी त्याच टोकाला बाहेरून थोडा ऋण दाब दिला तर शंभर वॅटचा संच वीस-पंचवीस वॅटवर आणता येतो.

कमी कशाला करायचे, असे कुणी विचारील. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-उस्मानाबादेत गावेच्या गावे ढिगारा झाली. तेथे हौशी रेडिओवाले मदतीला आले. अशा ठिकाणी विजेची तार तुटलेली, आधार मोटारीच्या बॅटरीचा. शंभर वॅटचा संच पूर्ण जोरात सुमारे वीस अँपिअर ओढतो. पंचवीस वॅटवर आणला तर जवळजवळ निम्मे. आणि ऐकणाऱ्याच्या मीटरवर फरक किती? ‘एस’च्या मापाने फक्त एका अंकाचा. अंगात शंभर वॅट आहेत म्हणून शंभरच वापरायचे, हा मला तरी निव्वळ उधळेपणा वाटतो.

तथापि या लगामाला एक खोड आहे. गिरणीतले गोळे वेग वाढल्यावरच हलत, तसा हा दाबही शिखर येऊन गेल्यावर तयार होतो. पहिले काही सहस्रांश सेकंद संच मोकाट असतो. वीस वॅटवर ठेवलेला संचही शब्दाच्या आरंभी क्षणभर शंभर वॅट फेकू शकतो, आणि नाजूक ट्रान्झिस्टर वर्धकाला तेवढा क्षण पुरे. बाहेरून दिलेला स्थिर दाब आधीच हजर असतो हे खरे, पण तो किती लागेल हे प्रत्येक कंपनीच्या संचात निराळे: कुठे चार व्होल्ट, कुठे त्याहून अधिक. तेव्हा आधी संचाची पुस्तिका पाहावी, मायक्रोफोनचा आणि शक्तीचा खटका खाली आणावा, आणि मगच नऊ व्होल्टची बॅटरी व बदलता रोध जोडून दाब शून्यापासून हळूहळू वाढवावा.