छापील पानातून निसटलेला विनोद

सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने 'सीतास्वयंवर' उभे केले, हे आपण परीक्षेपुरते पाठ करतो. त्या खेळात लोक कशाला हसले, हे मात्र आपल्याला सांगता येत नाही. भाव्यांचा 'नाट्यकवितासंग्रह' १८८५ मध्ये छापला गेला. त्यात पदे आहेत, विदूषकाची भाषणे नाहीत. नसणारच. सूत्रधार पदे गाई, पात्रे प्रसंग पाहून आपापली भाषणे करीत, आणि विदूषक सूत्रधाराशी जी हुज्जत घाली ती त्या रात्रीपुरतीच असे. मराठी नाटकातला पहिला विनोद असा कागदावर न उतरताच विरून गेला.

या हुज्जतीचे भावंड म्हणजे तमाशातली बतावणी. गण-गवळण झाली की वगाच्या आधी सरदार आणि सोंगाड्या यांची जुंपते. सोंगाड्या हसवतो असे आपण म्हणतो. माझ्या मते बतावणी तरते किंवा बुडते ती सरदारावर. समजा, सोंगाड्याने काशीला जाऊन आल्याची थाप मारली. सरदाराने ती खरी मानून, गंभीरपणे, वाटेतली गावे विचारली पाहिजेत. मग सोंगाड्या कराड, तासगाव, मिरज अशी जवळपासचीच गावे सांगत सुटतो आणि प्रत्येक गावागणिक थाप अधिक अडचणीत येते. सरदार स्वतःच हसू लागला, किंवा चेष्टा कळल्याचे त्याने आधीच दाखवले, की संपले. थाप पकडण्याचा मान प्रेक्षकाचा. तोच त्याच्याकडून हिरावला जातो. आपले सभ्य समीक्षक बतावणीला अश्लीलतेबद्दल दोष देत आले. पण समोरून नेमका प्रश्न आला नाही की सोंगाड्याला अश्लीलतेचा आधार घ्यावा लागतो, असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल.

सांगलीजवळच्या कवलापूरचे काळू-बाळू या नियमाला अपवाद वाटतात. लहू आणि अंकुश हे जुळे भाऊ. 'जहरी प्याला' या वगातल्या दोन हवालदारांच्या भूमिकांवरून ते काळू-बाळू म्हणून ओळखले गेले. इथे दोघेही सोंगाडे, मग सरदार कोण? मला वाटते, त्यांच्या अंगावरचा गणवेश. हवालदाराचा धाक खेड्यातला प्रेक्षक घरूनच घेऊन येई. तो प्रश्न विचारण्याचे काम आपोआप करी. शिवाय प्लॉटस वा शेक्सपिअर यांच्या जुळ्यांच्या प्रहसनांत दोन नट सारखे दिसतात हे सहसा मानून घ्यावे लागते. इथे मानून घेण्यासारखे काही नव्हतेच.

साताऱ्याकडचे, वाईजवळच्या पसरणीचे शाहीर साबळे यांनी 'यमराज्यात एक रात्र' या मुक्तनाट्यात थेट यमाचा दरबार निवडला, तोही याच हिशेबाने असावा. ज्याच्यापुढे कोणी हसत नाही त्याच्यापुढेच हसू फुटते. तमाशाचे बहुतेक कलावंत महार-मांग समाजांतले आणि पुढच्या रांगेत गावचा पाटील, हे ध्यानात घेतले म्हणजे या हसण्याला केवढी जोखीम होती ते कळते.

१९६५ साली वसंत सबनिसांचे 'विच्छा माझी पुरी करा' शहरी रंगमंचावर आले. दादा कोंडके त्यात ताज्या घडामोडींवरची वाक्ये घालीत, प्रेक्षक पाहून बदलीत. वर्गात आपण त्या नाटकाची संहिता वाचतो, तेव्हा एखादा विद्यार्थी 'यात हसण्यासारखे काय आहे?' असे विचारतो. त्याचे काही चुकत नाही. पुस्तकात सबनिसांचे वाक्य आहे. त्यापुढे पूर्णविराम आहे.