लोणारच्या खाराचा माग

बुलढाणा जिल्ह्यातले लोणार आज उल्कापाताने पडलेल्या विवरासाठी ओळखले जाते. शास्त्रज्ञांनी तिथल्या खडकांच्या अभ्यासातून आघाताचा भक्कम पुरावा मांडला तो १९७३ साली. त्याआधी कितीतरी पिढ्या लोणारचे नाव निघे ते खारासाठी.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना या जागेची दखल घेतली. काच आणि साबण करायला लागणारा माल इथे मिळतो आणि क्षारांच्या धंद्यातून सरकारला बरा महसूल येतो, असे तो नोंदवतो.

विवरातल्या सरोवरात पाणी येते, पण बाहेर पडायला वाट नाही. काळ्या कातळातून क्षार घेऊन आलेले पाणी उन्हाळ्यात आटते आणि सोडा मागे उरतो. काठ उघडा पडला की मजूर चिखलात उतरून त्याचे खडे आणि पापुद्रे गोळा करत. मालाची प्रतवारी चोख होती: दल्ला, निमक दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी. निमक दल्ल्यात मिठाचा अंश जास्त. बांगड्यांची काच, साबण, कापडाची रंगाई अशी गिऱ्हाइके ठरलेली.

या धंद्याचा इतिहास शोधणाऱ्याला मात्र दुसऱ्यांच्याच कामाचे कागद चाळावे लागतात. १९०९ सालचे एफ. जे. प्लायमेन यांचे टिपण सरोवरातून क्षार कसे काढता येतील याचा सरकारी हिशेब मांडते. भूशास्त्रीय सर्वेक्षणाचे ला टूश आणि ख्रिस्टी आले ते विवर कसे झाले याचे कोडे सोडवायला. १९१२च्या त्यांच्या भूशास्त्रीय अहवालातही सोड्याला जागा द्यावी लागली. महसूल, व्यापारी फायदा, खडक असे प्रत्येकाचे डोळे वेगळीकडे. चिखलात उतरणाऱ्या मजुराची नोंद त्यात ओझरतीच.

धंद्याचे दिवस तोवर फिरले होते. बेल्जियमच्या अर्नेस्ट सॉल्व्हेने १८६१ साली मीठ आणि चुनखडीपासून सोडा करण्याची स्वस्त रीत काढली. कारखान्यातला सोडा बारमाही आणि एकसारखा. लोणारचा उन्हाळ्यावर अवलंबून, त्यात मीठमिसळ. १९३९ साली टाटा केमिकल्सची स्थापना झाली आणि पुढे तिच्या मिठापूरच्या कारखान्यातला सोडा देशभर पोचला.

२००० साली लोणार अभयारण्य झाले, २०२० साली रामसर स्थळ. आता चर्चा होते ती गोड्या पाण्याच्या आवकीने सरोवराचा खारेपणा कमी होण्याची. पूर्वीचे पाणी कसे होते हे पडताळायला सोड्याच्या लोभाने केलेली पाण्याची जुनी रासायनिक पृथक्करणे कामी येतात.